रुपालीची रायफल आणि माझे दोन हात

मी, आसाराम कानिफनाथ दरेकर, वय ७६, राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर, लष्कराच्या वर्कशॉपमधला निवृत्त हत्यार-दुरुस्ती कारागीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. बायकोचे, म्हणजे बनुबाईचे, याबाबत वेगळे मत पडेल, पण तिचा दाखला कायद्याने लागत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१) भिंगारचे राहते घर आणि पोस्टातली ठेव बनुबाईची. तिच्यामागे मुलगा आदिनाथ व मुलगी रुपाली यांनी निम्मे निम्मे घ्यावे. बनुबाई हयात असेतो घर विकायचा विषयही कुणी काढू नये. एकावन्न वर्षे तिने माझ्या कपड्यांना येणारा तेलाचा वास सहन केला. ‘लई घाण येती’ म्हणायची आणि तेच कपडे आधी धुवायला घ्यायची. मला ही बाई फार आवडली, हे तोंडावर सांगायचे राहून गेले.

२) अवजारांची पेटी आदिनाथची. फक्त अर्ध्या इंची पटाशीने त्याने रंगाचा डबा उघडला होता, ते मी विसरलेलो नाही. ती पटाशी त्याने स्वतः धार लावून घ्यावी आणि मगच पेटीत ठेवावी. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. पोरगा धांदरट आहे, पण त्याची नियत साफ आहे.

३) मुजफ्फर शेख, सुतार, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. तो साक्षीदार असल्यामुळे त्याच्या नावे काही ठेवू नये, असे वकील म्हणाले. म्हणून माझा धार लावायचा, घासकामाचा तेलाचा दगड त्याला हयातीतच देऊन टाकला आहे. तो दगड मला घरात नकोच होता. कारण पुढे आहे.

४) रायफल. लष्कराने मोडीत काढलेली, पॉइंट टू-टूची, सरावाची. मी परवान्यावर लिलावात घेतली तेव्हा पन्नास मीटरवर तिच्या गोळ्या ताटभर पसरायच्या. रुपाली तेव्हा कॉलेजात होती आणि नेमबाजीचे वेड लागले होते तिला. मी आणि मुजफ्फरने सहा महिने त्या रायफलीवर काढले. जुना लाकडी दस्ता नळीला एका बाजूने रेटत होता. मुजफ्फरने तो आतून इतका हळू कोरला, की नळीखालून पोस्टकार्ड अलगद सरकायचे. नेम धरायची मागची माशी नवी बसवली. दस्ता रुपालीच्या खांद्याच्या मापाने कापला. शेवटी चापाचे काम मी केले. त्यानंतर रुपालीच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जायच्या. एवढा आनंद मला पगारवाढीनेही झाला नव्हता.

२००४ साली पुण्याला जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा होती. नियम असा, की चापाला दीड किलोचे वजन टांगून रायफल उभी उचलायची. चाप सुटला तर खेळाडू बाद. नगरहून निघताना मी वजन टांगून पाहिले होते, चाप टिकला होता. पण माझ्या हाताला झालेले काम झाले असे कधी वाटतच नाही. पुण्यात रेंजवर पोचल्यावर रुपाली नाव नोंदवायला गेली, तेवढ्यात मी चाप उघडून दगडावर आणखी दोन हात मारले. जरा मऊ व्हावा म्हणून. पुन्हा वजन टांगले नाही.

तपासणीत चाप सुटला. पंचांनी विचारले, कुणी हात लावला? मी म्हणालो, “नगरहून निघताना मी तपासून दिली होती.” त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि तरी ते धादांत खोटे होते. वर्कशॉपमधल्या माझ्या नावाला मी जपत होतो. रुपालीने माझ्याकडे पाहिले, पण माझे नाव घेतले नाही. ‘खेळाडूने चापात फेरफार केला’ अशी नोंद झाली. नगरच्या नेमबाजी क्लबातही हेच बोलले गेले आणि मी ऐकून घेतले. ती पुन्हा रायफलीला शिवली नाही. आता राजूरला शिक्षिका आहे. दर दिवाळीला येते, माझ्या गोळ्या-औषधांचे डबे भरून जाते.

दोष माझा होता. माझ्या मृत्यूनंतर हे कलम क्लबात सर्वांसमोर वाचावे आणि रायफल रुपालीला द्यावी, असे मी लिहिले होते.

५) वरचे कलम बदलले आहे, त्याचा खुलासा. कच्चा मसुदा औषधांच्या डब्याखाली राहिला आणि रुपालीच्या हाती लागला. ती बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, “अण्णा, तुमी गेल्यावर हे वाचलं, तर मी रागवू कुणावर?”

गेल्या रविवारी ती मला क्लबात घेऊन गेली. जुने अकरा सभासद होते. मी उभा राहून कलम चार पूर्ण वाचले. परतताना रिक्षात ती माझ्यावर एकवीस वर्षांचे एकदम रागावली. रिक्षावाल्याने आरसा फिरवून घेतला. मी रडलो, ती थांबली नाही, आणि ते योग्यच होते.

सबब जाहीर वाचन झाले आहे, पुन्हा करू नये. सत्तरी उलटलेल्याला परवान्याचे हत्यार हयातीतच वारसाच्या नावे करता येते. तसा अर्ज रुपालीने भरला, मी सही केली. त्यामुळे रायफल या मृत्युपत्रातून वगळली आहे. रुपालीने बजावले आहे, “परवाना आला की रेंजवर यायचं. मागं खुर्चीत बसायचं. शिकवायचं न्हाई.”

मी रेंजवर जाणार आहे. तरी हे मृत्युपत्र एवढ्यात अमलात येऊ नये, अशी माझी शेवटची इच्छा समजावी.

लिहून देणार: आसाराम कानिफनाथ दरेकर (सही)

आमच्यासमक्ष सही केली, आम्हीही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या:
१. मुजफ्फर शेख, सुतार, भिंगार (सही)
२. डॉ. मोनिका गुंड, नगर (सही)

ठिकाण: भिंगार
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५