चार दिवसांचा शेठ

५ जानेवारी २०२५, रविवार. कोइमतूर.
ही डायरी एका सराफानं नवीन वर्षाची म्हणून दिली. रोजच्या पानाखाली सुविचार छापलाय, पण तमिळमध्ये. वाचता येत नाही ते बरंच. मला कुणाच्या सुविचाराची गरज नाही.
संकल्प: १) रोज लिहायचं. २) खोटं बोलणं बंद. आबांना दुकानाचं सांगितलंय ते यात धरायचं नाही. ते खोटं नाही, ॲडव्हान्समध्ये सांगितलेलं खरं आहे.

८ जानेवारी.
दोन दिवस लिहिलं नाही. काम लय होतं.
आबांचा फोन. म्हणाले, वीर्‍या, ह्या साली तुझं दुकान बघायचंच. पुढच्या साली बघायला पाय ऱ्हातील न ऱ्हातील.
आबा म्हणजे वडील. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर. मागच्या साली पायरीवरून पडले, मिरजेत खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून दहा पावलं, मग खुर्ची.
चार वर्षांपूर्वी फोनवर बोलून गेलो की दुकान आता माझं आहे. तेव्हा होणारच होतं. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं हे गलाईचं काम मी दादासो शेठच्या दुकानात नऊ वर्षं करतोय. शटरची चावी माझ्याकडं असते. (तिजोरीची शेठकडं.) शेठ बाहेर गेला की गिऱ्हाईक मलाच विचारतं, शेठ कुठं आहे म्हणून. म्हणजे जवळजवळ मीच.
आबांना म्हटलं, विमानानं आणतो. तोंडातून निघून गेलं.

९ जानेवारी.
प्लॅन पक्का. शेठच्या बोर्डावर चार दिवस माझ्या नावाचा फ्लेक्स. 'वीरधवल गोल्ड रिफायनरी', खाली माझा फोटो, गॉगल लावलेला. मुजीबकडं काम दिलं, सोळाला दुपारी चढव म्हटलं. तो मिरजेचा, भट्टीवर माझ्या जोडीला. विचारतो कसा, शेठला सांगितलंस का गड्या?
सांगणार आहे. पण रिकाम्या हातानं नाही. गावाकडून पाच लिटर काकवी आणणार. शेठ विट्याकडचा, काकवीसाठी जीव टाकतो. आबांना आधी लॉजवर टेकवायचं, शेठला एकट्याला गाठायचं, कॅन पुढं करायचा आणि म्हणायचं, शेठ, फक्त चार दिवस. नाही म्हणूच शकत नाही.

१३ जानेवारी. गाव.
तिकिटं साक्षीनं काढली. धाकटी बहीण, बी.कॉम.ला आहे, म्हणून जास्त कळतं असा समज. व्हीलचेअर पाहिजे असं तिनं परस्पर कळवून टाकलं. मी म्हटलं, मी असताना खुर्ची कशाला, मी उचलतो आबांना. तर म्हणते, दादा, दिवाळीत उचललं होतंस तेव्हा दोघांना आम्हीच उचललं.
घरातूनच दगा सुरू.

१५ जानेवारी.
आबांना विमान समजावलं. पट्टा कसा लावायचा, कानात दडे कसे बसतात, घाबरायचं नाही. आबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, लेहला आमी विमानानंच जात व्हतो. मी म्हटलं, ते सामानाचं विमान, त्याला विमान म्हणत नाहीत.
गुऱ्हाळावरून ताजी काकवी आणली. साक्षी म्हणते मोठ्या बॅगेत टाक, वर चालत नाही. बॅगेत फुटली म्हणजे? हातातच ठेवणार. माझा पहिलाच विमानप्रवास असला तरी अंदाज आहे.
आबांनी नवी टोपी घेतलीय. शेजारच्या राहीबाईला सांगत होते, पोरानं दुकान काढलंय, बघून येतो. चार वेळा सांगितलं.

१६ जानेवारी, गुरुवार. पुणे विमानतळ. सकाळी ९.
व्हीलचेअर ढकलणारा पोरगा पृथ्वीराज, कोयनानगरचा निघाला. त्याचा आजा फौजेतला. झालं. दोघांचं असं जमलं की माझ्याकडं कुणी बघेना. मी खुर्चीला हात लावला तर म्हणतो, दादा, तुमी फक्त बरोबर चला. ब्रेकवर पाय पडतोय तुमचा.
वॉकर सामानात गेला. आबा रांग सोडून पुढं. मीही पुढं. हे बरं आहे.

९.४०
तपासणीत आबांच्या खुब्यातलं लोखंड वाजलं. आबांनी ऑपरेशनचा कागद दाखवला आणि सॅल्यूट ठोकला. तिथल्या जवानानंही ठोकला. आबा पास.
काकवी नापास. पातळ पदार्थ म्हणे. मी म्हटलं, कुठं पातळ आहे, बोट घालून बघा. घातलं नाही. एक तर टाका, नाहीतर मागं जाऊन सामानात द्या. पृथ्वीराज म्हणाला, बाबांना मी गेटपर्यंत नेतो, तुमी या पळत.

११.१५
सामानाचा काउंटर बंद झाला होता. बाईंना काकवीचं महत्त्व समजावलं, ज्वारीच्या भाकरीपासून समजावलं. मग सायबांना. तेवढ्यात माझ्या नावाची घोषणा झाली म्हणे, तीन वेळा. वीरधवल या पूर्ण नावानं मला कुणी हाक मारतच नाही, लक्षात कसं येणार?
कॅन काउंटरशीच टाकून गेटकडं पळालो, तर गेट बंद. व्हीलचेअरवाल्यांना वेगळं चढवतात. काचेतून बघितलं तर आबांना लिफ्टच्या गाडीतून विमानाच्या दारापर्यंत नेलं होतं. मागं वळून बघितलं नाही. मग दार लागलं.
आबा मला सोडून उडाले. सख्खा बाप.

११.४०
कोइमतूरला त्यांना उतरवून घेणार कोण? गाडी आहे ती फक्त शेठकडं. फोन केला, आबा येतायत, घेऊन या. दुकानाचं काही बोललो नाही. असल्या गोष्टी फोनवर बोलत नाहीत.

१७ जानेवारी, शुक्रवार. रेल्वे, जनरल डबा.
दुसऱ्या विमानाचं तिकीट परवडणारं नव्हतं. कॅन मांडीवर. झाकणातून गळतोय, पँटला मुंग्या.
सोलापूर गेल्यावर आठवलं, फ्लेक्स! मुजीबला काढ म्हणून सांगायचं राहिलं. शेठनं बघितला असणार. मुजीब फोन उचलत नाही. फितूर.
शेठला लावला. म्हणाला, ये तू आधी, मग बोलू. आवाज थंड.
आबांना लावला. म्हणाले, दुकानात लय गर्दी हाय, ठेवतो. ठेवलाच. बापाला माझ्याशी बोलवत नाही, म्हणजे शेठनं सगळं सांगितलं. नऊ वर्षं ज्याची भट्टी फुंकली त्यानं. आता फोनची बॅटरीही गेली.
रात्रभर विचार केला. ठरलं: जाऊन सरळ पाय धरायचे. वाघासारखं.

१८ जानेवारी, शनिवार.
दुकानात शिरलो. आबा शेठच्या खुर्चीत, नवी टोपी घालून, पुढं चहा. सरळ पाय धरले. नेमका ऑपरेशनचा. आबा ओरडले. मी सोडला नाही. सगळं सांगून टाकलं. दुकान माझं नाही, कधीच नव्हतं, फ्लेक्स खोटा, मी कामगार आहे, शेठनं सांगितलं ते खरं आहे.
 मुजीबनं कपाळाला हात लावला. शेठ भट्टीपुढं माझ्या स्टुलावर बसला होता.
आबा म्हणाले, शेठनं? हे तर मला सोताच कामगार हाय म्हणून सांगतायत. दोन दिस झालं तुला मालक म्हणतायत.
मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, दोन दिस मी हितं मालकाचा बाप म्हणून बसलो व्हतो रं. गिऱ्हाइकाला चा पाजला.
राग आला की माणूस उठून बाहेर जातो. आबांना जाता येईना. वॉकर कोपऱ्यात होता. मी आणायला गेलो तर म्हणाले, तू न्हाई. दुसऱ्या कुणाला सांगायचीही त्यांना लाज वाटली असेल. तसेच खुर्चीत बसून राहिले, भिंतीकडं तोंड करून. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी म्हणाले, उठव.
काखेत हात घालून उठवलं. दिवाळीपेक्षा हलके झालेत.
बाहेर शेठनं गाठलं. अरं येड्या, विमानतळावरनं येताना फ्लेक्स दिसला तवाच मला समजलं. शिव्या घालणार व्हतो. पर म्हातारा तुझा फोटू बघून गाडीतच टोपी सरळ करायला लागला. मग माझ्यानं बोलवलं न्हाई. मी दोन दिस तुझा नोकर झालो, तुला दोन मिनटं गप बसवंना व्हय?
मुजीबचा फोन भट्टीत पडला होता म्हणे. पटत नाही. पण दाखवला.

२० जानेवारी.
आबांनी साक्षीला फोन करून परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. एकट्याचं. व्हीलचेअर सांग म्हणाले, बाकी कुणी नको.
शेठ डोशाबरोबर काकवी खातोय. चांगली आहे म्हणाला.
फ्लेक्स मुजीबनं मागच्या खिडकीच्या फुटक्या काचेला लावला. माझा चेहरा आतल्या बाजूला आलाय, भट्टीसमोरच.

२३ जानेवारी, गुरुवार. विमानतळ.
रस्ताभर ठरवत होतो. आबांना सांगायचं, पुढच्या दिवाळीपर्यंत खरंच माझं दुकान. यावेळी लेखी देतो. वाक्य पाठ केलं होतं.
दारात खुर्चीवाली पोरगी आली. आबांना बसवलं, पाय फळीवर ठेवले. हिंदीत विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का?
आबा म्हणाले, नहीं. दुकान का आदमी है. छोड़ने आया है.
तोंड उघडलं होतं खोडून काढायला. खोडण्यासारखं काही नव्हतं.
ती त्यांना घेऊन गेली. मी मागोमाग निघालो तर जवानानं तिकीट मागितलं.
उद्या सातला भट्टी.