ओंजळीतून सुटणारा निळा गोळा

आप्पा,

तुम्हाला एक गंमत सांगायची आहे आणि ती दुसऱ्या कोणाला सांगण्यात मजा नाही. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गल्लीत टीव्हीसुद्धा कोणाकडे नव्हता, त्यामुळे मला जरा लांबून फिरून यावं लागेल. कंटाळू नका. तुम्हाला तिकडे कसली घाई आहे? आणि अक्षराला नावं ठेवू नका, तिसरीत मला शाळेतून काढणारे तुम्हीच. दुपारची वेळ आहे, सून आतल्या खोलीत साड्यांना लेस लावत बसलीय, गल्लीतले माग खटाखट चाललेत, आणि त्या आवाजात माझे डोळे निम्मे मिटलेत. अशा वेळी तुम्ही मला जवळच कुठेतरी बसल्यासारखे वाटता.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करणारा बसायचा बघा, तोंडात कायम तंबाखू कोंबलेला. तो मेला. त्याच्या जागेवर एका काठियावाडी माणसाने गेमचं दुकान टाकलंय. आत भर दुपारीही अंधार. अंधारात कपाटाएवढ्या पेट्या उभ्या, पेटीच्या पोटात टीव्ही, टीव्हीखाली दांडे आणि बटणं. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहायचं, आपापला दांडा धरायचा, की आतली दोन माणसं एकमेकांना मारायला लागतात. मला आधी वाटलं, हे काय बाई, टीव्हीत भांडणं बघायला पोरं घरून निघतात, घरात काय कमी आहेत? पण माझ्या नातीने मला नीट समजावलं. नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, अकरा वर्षांची, तुम्ही पाहिली नाही तिला. ती म्हणाली, "आजी, ही माणसं एका गेममधली नाहीत. अर्धी एका गेममधली, अर्धी दुसऱ्यातली. त्यांची त्यांची वेगळी गोष्ट होती. आता दोघांना मिळवून एक गेम केला." मी म्हटलं, मग ही तर सुरतेतली आपली लिंबायतच झाली की. ओडिशाचा, यूपीचा, वऱ्हाडाचा आणि आपण शिरपूरकडचे, प्रत्येकाचं भांडण आपापल्या गावचं, आणि आणून सोडलं सगळ्यांना एकाच नळावर.

त्या गेममध्ये एक बाई आहे. किडकिडीत, आखूड केसांची, केशरी कोट घालते. मला आवडते ती. ती काय करते, आप्पा, दोन्ही तळवे छातीशी आणते, त्यांची ओंजळ करते, आणि त्या ओंजळीत निळा उजेड साठायला लागतो. नळाखाली हात धरल्यावर पाणी साठतं तसा. मग ती तो उजेड पुढे सोडून देते. त्याचा गोळा होतो आणि तो हवेतून तरंगत निघतो. दगड मारल्यासारखा जात नाही हो तो. चंद्र ढगातून सरकतो तसा जातो. पहिल्यांदा दारातून पाहिला तेव्हा मी मेथीची पिशवी तिथेच पायरीवर विसरून घरी आले.

माझी नात त्या दुकानातली एकटीच मुलगी. तिथला कायदा सोपा आहे, जो हरला त्याने बाजूला व्हायचं, जो जिंकला तो पेटीला चिकटून राहणार. मोठमोठी पोरं, लूमवर बारा तास उभी राहून आलेली, आणि ही त्यांना बाजूला करायची. सगळं यायचं तिला, लाथ यायची, उडी यायची, आणि तो गोळा तर असा सोडायची की पोरं "अरे बाप रे" म्हणायची. पण माझा मुलगा पलसाण्याच्या मिलला जातो, रंगाच्या खात्यात, आणि तिथल्या बसमध्ये कोणीतरी त्याच्या कानाला लागलं की तुझी पोरगी पोरांच्या घोळक्यात उभी असते. घरी आला तो लालबुंद होऊन. हात अजून निळ्या रंगाचे, धुतलेही नव्हते. म्हणाला, "परत त्या दुकानात पाय ठेवलास तर थेट शिरपूर. मामाकडे राहायचं, तिथेच शिकायचं." आणि आप्पा, तो नुसतं बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मामाला निरोपही गेला होता.

पोरगी रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी समजूत काढली असती. शाळेतून यायची, दप्तर ठेवायची, आणि भिंतीला टेकून हाताची बोटं हलवत बसायची. खाली, तिरकं, पुढे, आणि अंगठ्याने टक. खाली, तिरकं, पुढे, टक. झोपेतही. मी तिच्या शेजारीच झोपते ना, मला कळायचं. हे बोट उद्या शिरपूरला गेलं तर माझ्या शेजारी कोण झोपणार? सून दिवसभर साड्यांत, मुलगा मिलमध्ये, आणि मी? माझ्याशी बोलायला या घरात दुसरं आहे कोण?

तेव्हा मला सुचलं, आप्पा. तुम्ही असता तर जोरात हसला असता. मी नातीला म्हटलं, "तुझ्या बापाने तुला पाय ठेवायला मनाई केलीय ना? मला कुठे केलीय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नऊवारीचा काचा नीट आवळला आणि दुकानात शिरले. नात पायरीखाली, रस्त्यावर उभी. पाय ठेवला नाही तिने आत, अगदी बापाचा शब्द पाळला. दुकानवाला उठूनच उभा राहिला. "बा, कोने शोधो छो?" कोणाला शोधताय म्हणून विचारतो. मी म्हटलं, कोणाला नाही, मला ती केशरी कोटवाली दे. पोरं गडगडा हसली. त्याने मात्र स्टूल आणून दिलं, "बेसो बा, बेसो." आणि बाहेरून माझी नात ओरडायला लागली, "आजी, दांडा खाली! आता तिरका! आता पुढे! बटण, आजी, बटण! अगं ते नाही, लाल!"

गोळा काही निघेना. बाई खाली बसायची, उठायची, परत बसायची, जणू बैठका काढते आहे. आणि समोरच्या पोराने त्याचा गोळा सोडला माझ्याकडे. तो निळा चंद्र पडद्यावरून सरकत आला आणि मी काय केलं, सांगू? मान डावीकडे टाकली आणि तळवा डोळ्यावर झाकला. दांडा सुटला, बटण सुटलं, बाई आडवी. पोरं पोट धरून हसली, "माजी, वो टीवी में है, बाहर नहीं आएगा!" पण दारापाशी एक म्हातारा कारागीर बिडी ओढत उभा होता, तो हसला नाही. तो म्हणाला, "लूमवाले की बेटी है."

आणि तुम्ही आलात, आप्पा. तिथे, त्या अंधारात.

मी तुमचा डबा घेऊन मागांच्या खात्यात शिरले आहे. सात-आठ वर्षांची असेन. आत तेलाचा वास, सगळीकडे कापसाचा भुरा उडतोय, आणि मागांचा आवाज एवढा की आपण काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही. मी मागाच्या टोकाशी उभी राहून धोटा बघते आहे, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मासोळीसारखा. आणि माझ्या गालावर तुमचा हात बसतो. तुम्ही मला कधीच मारलं नव्हतं. डबा पडतो, भाजी सांडते. तुम्ही मला बाहेर ओढत आणता आणि ओरडता, "धोट्याच्या रेषेत उभं राहायचं नाही! सुटला तर डोळा घेऊन जातो!" मी तुमच्या कपाळावरचा तो व्रण बघते, भुवईच्या वरचा, आणि मला पहिल्यांदा कळतं तो कशाचा आहे.

त्या दिवसापासून मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात आपला खेळ. आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीच्या त्या बाजूला, मी दाराच्या बाजूला. तुम्ही टाकाऊ सुताचा गुंडा करायचात आणि काही न सांगता, बोलता बोलता, माझ्यावर फेकायचात. मान डावीकडे, तळवा डोळ्यावर. चुकले की तुम्ही म्हणायचात, "गेला डोळा, आता काणी राणी!" एकदा गुंडा आईच्या पिठाच्या परातीत पडला, तर तिने तुम्हाला उलथन्याने मारायला घेतलं होतं. ज्या दिवशी मी एकदाही चुकले नाही, त्या दिवशी तुम्ही मिठाईवाल्याकडून कागदात बांधून घारी आणली होती, तूप कागदाबाहेर आलेलं. पुढे माझ्या मुलालाही तुम्हीच तसंच शिकवलंत, तो मागावर जायच्या आधी. त्याला आठवतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

तर मी रोज दुपारी जायला लागले. नात पायरीखाली, मी स्टुलावर. मागांच्या आवाजाने माझं काम केलं, आप्पा. मी पोरीचं ओरडणं ऐकणं सोडलं आणि गल्लीतून येणारा तो खटाक-खटाक धरला. खाली, तिरकं, पुढे, खटाक. आणि एका दुपारी त्या बाईच्या ओंजळीत उजेड साठला. माझ्या हातात काहीतरी गार आलं, खरंच सांगते. गोळा निघाला. मी त्याच्याकडे बघतच राहिले, तो कोणाला लागला की नाही ते मला आठवतही नाही. त्या दुपारी घरी येऊन मी झोपले तर स्वप्नात तुम्ही जुन्या स्वयंपाकघरात बसलेले, आणि तुमच्या ओंजळीत सुताच्या गुंड्याऐवजी तो निळा उजेड. तुम्ही फेकत नव्हता. नुसते धरून बसला होतात, आणि तुमचं तोंड त्या उजेडात तरुण दिसत होतं. मी म्हणत होते, टाका ना आप्पा, टाका, मी चुकवते. आणि तुम्ही हसत होता.

मग सुट्टीचा दिवस आला. दुकान भरलेलं, यूपीचा एक उंच पोरगा माझ्यासमोर, तो सगळ्यांना हरवून बसलेला. आणि नेमका माझा मुलगा भाजी घेऊन त्या रस्त्याने आला. पायरीखाली पोरीला पाहिलं त्याने. मला आतून त्याचा आवाज आला, "तुले काय सांगेल व्हतं मी?" आणि पोरगी म्हणाली, "मी आत नाही गेले पप्पा. आजी गेली." मग दारातला उजेड झाकला गेला. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. "माय! आठे काय करी ऱ्हायनी तू?"

मी मागे बघू शकत नव्हते. पोरीचं शिरपूर माझ्या डोळ्यासमोर, आणि पडद्यावर त्या उंच पोराने गोळा सोडलेला. मीही सोडला. दोन निळे गोळे समोरासमोर निघाले, मध्ये भेटले आणि फुस्स, दोन्ही विझले. सगळं दुकान ओरडलं. तेवढ्यात त्या पोराने लगेच दुसरा सोडला. तो थेट आमच्याकडे येऊ लागला. मी मान डावीकडे टाकली, तळवा डोळ्यावर. आणि पेटीच्या काचेत मला दिसलं, माझ्या मागे माझा मुलगा, हातात दुधीभोपळा, आणि त्याचीही मान डावीकडे, त्याचाही तळवा डोळ्यावर. भोपळा खाली पडला. दारातला तो म्हातारा कारागीर, त्याचीही मान तिकडेच.

बाई आडवी झाली. मी हरले. दुकानात असं हसू फुटलं की दुकानवाल्याचा चहा सांडला. माझा मुलगा तळवा डोळ्यावरून काढायलाच तयार नाही. मग त्याने तो हात हळूच खाली आणला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गेला डोळा." एवढंच. बाकीचं वाक्य त्याने म्हटलं नाही, माझ्याच तोंडात आलं होतं.

कायदा म्हणजे कायदा, मी उठले. माझी जागा रिकामी. त्याने भोपळा उचलला, दाराकडे वळला आणि पोरीला म्हणाला, "बाहेर उन्हात काय उभी आहेस? आत ये. तुझ्या आजीला नीट शिकवलं नाहीस तू." पोरगी पायरीवरून उडी मारूनच आत आली. तिने त्या उंच पोराला बाजूला केलं, त्याच्यामागून आलेल्यालाही केलं. माझा मुलगा भोपळा काखेत धरून शेवटपर्यंत उभा होता. शिरपूरला परत निरोप गेला, नको म्हणून. आता तो सुट्टीच्या दिवशी स्वतः तिला घेऊन जातो आणि येताना बापलेक गोळ्याबद्दल भांडत येतात, खाली आधी की तिरकं आधी.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, आणि घरात तर मुळीच ठेवणार नाही. सून वाचून काढेल. उद्या सकाळी बंबात घालीन, पाणीही तापेल. कारण असं आहे आप्पा, पोरीला परवानगी मिळाली, पण मला कोणी दिलेली नाही, मी मागितलीही नाही. पोरगी शाळेत असते ना सकाळी, तेव्हा दुकानात गर्दी नसते. घरी मी सांगते, गुडघ्याला शेक घ्यायला दवाखान्यात जाते. काल सून म्हणाली, "आत्याबाई, शेकाचा गुण आला हं. पायरी कशी टणटण उतरता आता." मी म्हटलं, हो बाई, रोज जावंच लागेल.