जाळ्यात एक निघालं

ती. आईस,

इथूनच पाया पडते. जहाज परतेपर्यंत पुरेल एवढा आशीर्वाद देऊन ठेव.

मी मजेत आहे. थंडी मरणाची आहे, पण तू विणलेला स्वेटर अंगातून काढतच नाही. जेवण गरम मिळतं. उलट्याही थांबल्या. (उलट्यांचं तुला कळवलंच नव्हतं, जाऊ दे.)

बाबांचा खोकला कसा आहे? खरं सांग, माझ्यासारखं नको.

तू विचारलं होतंस, तुम्ही समुद्रातून काढता तरी काय? क्रिल म्हणून कोळंबीसारखे बोटभर जीव असतात. देवमाशांपासून पेंग्विनपर्यंत सगळ्यांचं पोट त्यांच्यावर. आमच्या संशोधन-तुकडीच्या मोठ्या बाई सांगतात, पूर्वी भरलेलं जाळं दोघांना उचलवत नसे. आता नुसतं पाणी निथळतं. तरी दर खेपेला स्पिरिटची बरणी भरायची आणि किती सापडले त्याची चिठ्ठी चिकटवायची.

काल बाईंनी जाळं वर यायच्या आधीच चिठ्ठीवर शून्य लिहून टाकलं. मीही तेच लिहिलं असतं.

आणि जाळ्यात एक निघालं! चांगलं जिवंत, पाय हलवत होतं. आम्ही सगळे लहान मुलांसारखे भोवती जमलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाई हसल्या.

पण सापडेल ते स्पिरिटमध्ये घालायचं, असा नियम आहे. बाईंनी बरणी माझ्यापुढे सरकवली आणि त्या बाहेर निघून गेल्या. मी घातलं, आई. मग शून्य खोडून एक लिहिलं.

बाबांना पत्र वाचून दाखवशील तेव्हा बाई हसल्या, तिथेच थांब.

तुझी,
धाकटी