नवा कॅमेरा, टचवाला

११ एप्रिल
कुरिअर आलं. प्रीतीने पुण्याहून कॅमेरा पाठवला. डीएसएलआरच, पण मागची काच टचची. मोबाईलसारखं बोट लावायचं म्हणे. सोबत चिठ्ठी, "बाबा, आता सोपं जाईल." काय सोपं जाईल? तीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, अवघड जातं असं कोणाला म्हणालो होतो? पण पोरीने हौसेने दिलंय, ठेवून घेतला. जावयाने सगळं सेटिंग करूनच पाठवलंय.

लगेच बायकोचा, मंगलचा फोन. "आवडला का?" छान आहे म्हटलं. मग तिचं नेहमीचं, स्टुडिओ बंद करा, इकडे या. माझंही नेहमीचं, डोळा शाबूत आहे तोवर जळगाव सोडणार नाही. प्रीतीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, त्याला चौदा महिने झाले. नातू आता चालतो.

१३ एप्रिल
दिवसभर काचेशी झटापट. गिऱ्हाईक दोनच, दोघंही पासपोर्ट फोटोवाले.

खरं ते लिहावं. मेनू पटापट सापडतो. काढलेला फोटो दोन बोटांनी मोठा करून बघता येतो, हे झकास. पण बाहेर उन्हात नेला तर काचेत काय दिसतं? माझंच थोबाड! जळगावच्या उन्हाळ्यात ही काच म्हणजे नुसता आरसा. आणि बटणं माझ्या बोटांना पाठ आहेत, बघावंही लागत नाही. डीएसएलआरला टच म्हणजे म्हशीला पैंजण.

प्रीतीला हे कळवायचं नाही.

१९ एप्रिल
असोद्याचं लग्न. मांडवात भट्टी. नवाच कॅमेरा नेला, पोरीला फोटो पाठवता यावा म्हणून. काढले मात्र जुन्याच पद्धतीने, डोळा लावून.

पूर्वी मंगल लाईट धरायची. वीस वर्षं धरला. "अहो, नवरीच्या कपाळावर चमकतंय," "अहो, मागे सासरा जांभई देतोय." आता लाईट स्टँडवर. स्टँड जांभईबद्दल काही सांगत नाही. जेवायच्या पंगतीत एकटाच बसलो, शेजारची खुर्ची रिकामी ठेवली, सवयीने.

२१ एप्रिल
वाट लागली.

कॉम्प्युटरवर फोटो उघडले. सप्तपदी, नवरी पुसट, मागचा खांब लख्ख. मंगळसूत्र, हात पुसट, भटजींचा कान लख्ख. अडीचशे तरी असे. जुन्या कॅमेऱ्यात जन्मात असं झालं नव्हतं. हा टचच नडला. जावयाने काय सेटिंग केलंय देव जाणे.

२२ एप्रिल
लपवणार कुठे? असोद्याला जाऊन दाखवले. नवरीचे काका शांतपणे बघत होते. म्हणाले, "भाऊ, मामाचं उपरणं तेवढं झ्याक आलं." हसावं की रडावं. म्हटलं, दोघांना पुन्हा तयार करून आणा, नव्याने काढून देतो. ते म्हणाले, "फोटो काढाल हो. मंगलाष्टकं पुन्हा कशी म्हणायची?"

नवरीची आई आत गेली ती बाहेर आलीच नाही.

परत येताना बसमध्ये मान वर केली नाही. लाज वाटली. ते सांगायला घरी कोणी नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

२४ एप्रिल
सकाळच्या एसटीने धुळे. रफिकभाईकडे. पंचवीस वर्षं माझे कॅमेरे हाच दुरुस्त करतो. म्हटलं, "या टचचा मुडदा बसवा एकदाचा. निरुपयोगी चीज."

त्याने सगळं तपासलं. "दादा, कॅमेरा एकदम ओके. माझाच एक फोटो काढा बरं." मी डोळा लावला. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "डाव्या डोळ्याने कधीपासून बघता?"

मी? मी जन्माचा उजवा! म्हटलं, काहीतरीच काय. त्याने मोबाईलवर माझा फोटो काढून दाखवला. कॅमेरा डाव्या डोळ्याला, आणि नाक थेट काचेवर दाबलेलं. सेटिंग असं होतं की काचेवर जिथे स्पर्श तिथे फोकस. मी बघायचो नवरीकडे, माझं नाक फोकस नेऊन ठेवायचं खांबावर.

"फोकसचा चौकोन सरकताना दिसला नाही?" घाईत चौकोन कोण बघतो.

"आता डावा झाका. उजव्याने बघा."

बघितलं. गरम चहाच्या वाफेतून बघावं तसं. रफिकभाई समोर हातभरावर होता, त्याची दाढी कुठे संपते ते कळेना.

तो हळूच म्हणाला, "दिवाळीत जुना कॅमेरा साफ केला तेव्हाही काचेवर नाकाचा डाग होता. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. भाभींनी सांगितलं असेल."

भाभी पुण्यात आहेत, म्हटलं. ते सेटिंग त्याने बंद करून दिलं. चहा पाजला. स्टँडपर्यंत सोडायला आला, रस्ता ओलांडताना माझा हात धरला. मी झटकला. नको होता झटकायला.

२५ एप्रिल
दिवसभर एकेक डोळा झाकून बघत बसलो. कॅलेंडर, घड्याळ, समोरचं सोन्याचं दुकान, पाटीवरची अक्षरं. उजव्याने सगळंच पुसट.

इतका कसा मी मूर्ख? तीस वर्षं लोकांना सांगतोय, मान सरळ, इकडे बघा. माझ्याकडे कोण बघणार होतं?

मंगलचा फोन. "कॅमेरा काय म्हणतो?" एकदम मस्त, म्हटलं. खोटं बोललो. तिला कळलं की एका वाक्यात सगळं संपलं, सामान बांधा. पुण्यात मी काय करणार? सोसायटीतल्या बाकावर बसून गाड्या मोजणार?

३ मे
धुळ्याजवळच्या खेड्यातलं लग्न. आधीच कबूल केलेलं, नाही म्हणता येईना. डोळ्यावर भरवसा नाही, म्हणून नाईलाजाने काचेवर काम केलं. कॅमेरा छातीशी, पट्टा गळ्यात. काचेत नवरी दिसली की तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवायचं. जरा थांबून फोकस घेतो, मग आपोआप फोटो. मांडवात सावली होती म्हणून काच दिसत होती. दोन्ही डोळे उघडे, नाक जागच्या जागी. हळदीच्या बोटाने काच पिवळी झाली, रुमालाने पुसत राहिलो.

एक म्हातारी अक्का समोर येऊन म्हणाली, "भाऊ, आते तुमनं तोंड दखास. मांगे नुसता कॅमेराच दखाये."

खरंच की, आता माझं तोंड दिसत होतं. तोंडासमोर डबा नाही म्हटल्यावर जो तो माझ्याशी बोलायला लागला. जेवले का, घाम पुसा, पाणी घ्या. आणि नवरीच्या मावशीने मंगल का आली नाही ते विचारलंच, "वहिनी नही उन्यात का?" पूर्वी मी अशा वेळी डोळा लावून क्लिक करत बसलो असतो. आज लपायला जागा नव्हती. सगळ्या बायका बघत होत्या. म्हटलं, पुण्याला आहे. म्हणाली, "कधी येतीन?" मी रुमाल काढून पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

४ मे
फोटो उघडले. काचेवर काढलेले एकूण एक लख्ख.

म्हणजे टच उपयोगाचा आहे. मांडवात, सावलीत, खाली वाकवत नाही त्या वयात, फार उपयोगाचा. उन्हात नाही, धावपळीत नाही. नवरी मांडवात येताना चालत होती तेव्हा जुन्याच पद्धतीने घ्यावी लागली आणि तिथेच मी चाचपडलो. काच अर्धं लग्न सांभाळेल. उरलेल्या अर्ध्याला डोळाच लागतो. असोद्याच्या त्या पोरीचे फोटो मी घालवले, कॅमेऱ्याने नाही. कॅमेऱ्याला उगाच शिव्या दिल्या.

६ मे
डोळ्यांची डॉक्टरीण बाई तरुण आहे, बोलायला चांगली. "काका, मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. इतके दिवस काय करत होतात?" फोटो काढत होतो, म्हटलं. ऑपरेशनने बहुतेक सुधारेल म्हणाली. बहुतेक. डोळ्याचा पडदा कसा आहे ते आतलं धुकं काढल्यावरच कळेल. येत्या मंगळवारी.

काउंटरवरच्या बाईने फॉर्म पुढे सरकवला. सोबत येणाऱ्याचं नाव, नातं, मोबाईल. सोबत कोणी नसेल तर दाखल करून घेत नाहीत. पेन धरून उभा राहिलो. रफिकभाईला हाक मारली तर पहिल्या एसटीने येईल. शेजारचा टेलरही नाही म्हणणार नाही. मागे रांग लागली. मी मंगलचं नाव लिहिलं. नातं : पत्नी.

"त्या येतील ना नक्की?"

येईल, म्हटलं.

७ मे
दुपारी चारला तिचाच फोन. नातवाला दाढ येतेय, रात्रभर रडला, प्रीतीचं ऑफिस. मी ऐकत होतो. मध्येच म्हटलं, "मंगळवारी इकडे येशील का?"

"का?"

"काम होतं जरा."

"तुमचं कसलं काम?" तेवढ्यात पोरगं किंचाळलं. "थांबा, करते पुन्हा."

साडेसहा वाजले. अजून आला नाही. मीही लावू शकतो. पण ती परत "का" विचारणार, आणि आता मला खरं सांगावं लागणार. सांगितलं तर ती येईल, यात शंका नाही. मग ती मला घेऊनच जाईल. नाही सांगितलं तर मंगळवारी त्या काउंटरवर मी एकटा.

नंबर काढून ठेवलाय. काचेवर बोट तेवढं लावायचंय.