दाराआडची प्रॅक्टिस

भाईंदर पश्चिम,
१ डिसेंबर २०२५

तीर्थरूप परशुरामकाका,

पाया पडतो. आई बरी आहे, गुडघ्यांची कुरकुर चालूच. तुमच्या लेकीच्या, कृतिकाच्या हळदीची साडी तिने आत्ताच काढून ठेवलीय. घोडबंदरला मांडवाचं कुठवर आलं? तुमची धाकटी पिंकी सांगत होती, बँडवाल्यांना तुम्ही ठणकावलंय, "सॅक्सोफोन माजा पुतन्या वाजवनार, दुसरा कोन न्हाय."

तिथेच तर घोडं पेंड खातंय, काका. फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून हे पत्र पिंकीच्याच हाती देतोय.

तुमचे पुढचे दात काढले, माउथपीस तोंडात धरवेना, तेव्हा तुम्ही सॅक्सोफोन माझ्याकडे दिलात. म्हणालात, वर्षभर फक्त मेजर-मायनर स्केल, नुसते सूर चढायचे-उतरायचे, गाण्याला हात लावायचा नाही. महिनाभर केली हो मी! बोटं अडायची, सूर फाटायचा. खालचे शेजारी वर येऊन विचारायचे, "भाईसाब, कुछ गिरा क्या?" लाजेने मेलो आणि सॅक्सोफोन पेटीत ठेवून दिला.

तुम्ही मात्र दर गुरुवारी ऐकायला यायचात. समोर वाजवायला लाजतो म्हणून मी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचो. तुम्ही हॉलमध्ये डोळे मिटून बसायचात, चहा तसाच गार व्हायचा.

आत मी स्पीकरवर रेकॉर्डिंग लावून पलंगावर बसलेला असायचो. जवळजवळ वर्षभर! हलकट आहे मी.

गेल्या गुरुवारी मायनर स्केल संपवून बाहेर आलो, तर तुमचे डोळे भरलेले. आईला म्हणालात, "वैनी, पोराचा दम माज्यापेक्षा बरा हाय. माजं वाजवनं गेलं त्याचं आता दुख न्हाय." तेव्हा तरी बोलायचं ना मी? नाही. वाकून पाया पडलो.

दात काढायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही मला सगळ्या स्केल वाजवून दाखवल्या होत्या. घरी उपयोगी पडतील म्हणून मी त्या मोबाइलवर घेतल्या. त्याच लावायचो. स्वतःचं वाजवणं बाहेरून तुम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

काका, ते तुम्ही होतात.

शनिवारच्या हळदीला दुसरा वाजवणारा बघा. मी मांडवात येईन. चारचौघांत शिव्या घाला, मान खाली घालून ऐकेन. आज पेटी उघडली, दारही उघडं ठेवलं आणि सी मेजर वाजवली. पाचव्या सुरावर फाटलो.

तुमचा शिष्य असं लिहायला हात धजत नाही. नुसता पुतण्या,

हितेश