देवळीमार्गे

सिंदी (रेल्वे), १२ जुलै २०२५

ती. जिजाताईस,
सप्रेम जयभीम व सा. न. वि. वि.

तिकडे निघालेल्या शेजारच्या रूपरावसोबत माझा मोबाईल पाठवला आहे. तो बिघडलेला नाही, बिघडलो मी आहे. विहारात धम्मवाचन सुरू असताना मी मांडीआड व्हिडिओ बघत होतो, ते भंतेजींनी पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून वर्षावासभर त्याला हात न लावण्याचा संकल्प केला आहे. आश्विन पौर्णिमेपर्यंत तुझ्या पेटीत ठेव.

दुसरं कारण अंकित. त्याची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि तो खोलीत कानात इअरफोन घालून. मी मोबाईल ठेवला तर तोही ठेवील, बापलेक दोन शब्द बोलू, एवढीच आशा आहे.

लोभ असू दे, आणि कुलूप पक्कं असू दे.
तुझा प्रेमदास

देवळी, ५ ऑगस्ट

चि. प्रेमदास यास,
जयभीम व अ. उ. आ.

तुझा मोबाईल पेटीत सुखाने निजला आहे, पण तू मला टपालखात्यात लावलंस. अंकितचा मेसेज आला, आत्या, बाबाले सांगजो, गॅस संपून राह्यला. अरे, मध्ये एक भिंत आणि निरोप देवळीमार्गे! मी फोन केला तर कापला आणि लिहिलं, आम्ही आधीपासून मोबाईलवरच बोलतो. जेवण वाढलं हेसुद्धा! हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. गुडघा धड असता तर बसने येऊन दोघांचे कान धरले असते.

मन शांत झालं का, ते कळव. माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

सिंदी, १४ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच गॅस विझला. शेजारच्या शोभाबाईंनी पोळ्या करून दिल्या.

झोप लागते, डोळ्यांची आग थांबली. पण मान वर केली की समोर अंकितचं बंद दार. आधी मी वाढलं म्हणून लिहायचो, तो अंगठ्याचं चित्र पाठवायचा. आता मी ताट झाकून ठेवतो आणि तो केव्हातरी जेवतो. आमच्यात होतं ते तेवढंच होतं, हे आता कळलं. तरी पौर्णिमेपर्यंत निभावतो.

आठवण ठेव.
प्रेमदास

देवळी, ८ सप्टेंबर

चि. प्रेमदास यास अ. उ. आ.

हे नीट वाच. अंकितला पुण्यात एका गोदामात नोकरी मिळते आहे, वीस तारखेला निघायचं. मला लिहितो, बाबा थांब म्हणत असन तं मी जात नाई, तू विचारून सांगजो. मी म्हटलं, ऊठ आणि स्वतः विचार. त्याने नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आता तू तरी ऊठ. पत्र हातात असतानाच दारावर थाप मार.

तुझी काळजी करणारी,
ताई

सिंदी, १६ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. तसाच त्याच्या दारात गेलो. त्याने एका कानातला इअरफोन काढला आणि माझ्याकडे पाहत राहिला. ताई, माझ्या तोंडून काय निघालं, तर दूध आलं का. तो हो म्हणाला. दुपारी पुन्हा गेलो, तेव्हा त्याच्या पंख्याविषयी विचारून परत आलो. साठीला आलेला माणूस मी, पोटच्या पोराला थांब म्हणता येत नाही. मला माझी लाज वाटते.

तूच त्याला कळव. मी थांब म्हणतो. इथे काम नाही हे ठाऊक आहे, तरी थांब म्हणतो. हे पत्र आत्ताच टपालपेटीत टाकून येतो. तो आतच बसला आहे.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
प्रेमदास

देवळी, २२ सप्टेंबर

चि. प्रेमदास यास अ. उ. आ.

तुझं पत्र आज आलं. अंकितचा मेसेज परवाच गाडीतून आला होता. बाबा काईच बोलला नाई, म्हणजे जा म्हणत असन, असा. तुझं म्हणणं मी लगेच पाठवलं, पण त्याने नोकरीच्या कागदावर सही करून दिली आहे. गोदामाच्या दारावर मोबाईल काढून घेतात म्हणे, दिवसभर देत नाहीत.

तुझा मोबाईल चार्ज करून रूपरावसोबत पाठवते आहे. पौर्णिमा अजून बाकी आहे, पण आता कोणासाठी थांबायचं? शांत वाटतं का, हे विचारायचा धीर होत नाही.

एकच ताट वाढ, पण जेव.
तुझी ताई