काळ्या बॉनेटवरचं कुंकू

शनिवार, संध्याकाळ

गाडी काळीच घेतली! काळ्यावर बारीक ओरखडासुद्धा दिसतो म्हणे. दिसू दे. आज पिरंगुटात तीन दुकानं हिंडून शाम्पू, दोन बादल्या, वॅक्स आणि मायक्रोफायबरची मऊ फडकी आणली. एक दुकानदार खरखरीत पिवळं फडकं गळ्यात मारत होता, मी बधलो नाही.

पण बॉनेटवरचं ते कुंकवाचं स्वस्तिक! परवा पूजेला आईनंच काढलेलं. कोरडं पुसलं तर ओरखडे नक्की. धुवायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आपल्या हातानं पुसायचं न्हाई." मग तेवढं सोडून सगळी गाडी चमकवली. वेडेपणाच ना? नजर मात्र सारखी त्या स्वस्तिकाकडेच.

एवढ्यात आई बाहेर आली आणि गाडीच्या दरवाजापाशी थबकली. आरसाच झाला होता त्याचा! तिनं त्यात बघून पदर सारखा केला, कपाळावरचं कुंकू नीट केलं. "मी लई झ्याक दिसतीया की हिच्यात." मग बॉनेटकडे बघत राहिली.

"आन हिकडं ती बादली. सकाळधरनं कोकलतुयास, कोरडं पुसायचं न्हाई म्हणून."